मीगहवेलचा वर्षावास

चैत्र वद्य पंचमी

आज मीगहवेल गाव रिकामं झालं. सकाळी भिक्षापात्र घेऊन निघालो तर एकाही चुलीतून धूर नाही. कोपऱ्यावरच्या घराचं तर दारसुद्धा उचलून नेलेलं. जंगलात दार कशाला लागतं कोण जाणे.

बांधावर लोकू एतना भेटली. डोक्यावर नाचणीचं गाठोडं, मागे तिचा मुलगा कलुहामी, त्याच्या खांद्यावर नांगराचा फाळ. लोकू एतना म्हणजे या गावातल्या निम्म्यांची आत्या आणि उरलेल्यांची सासू. मला ती लहानपणापासून ओळखते.

"भन्ते, चला. लाल डगलेवाले बदुल्लहून निघालेत. वाटेतली गावं जाळत येतायत."

"बोधिवृक्षाला पाणी कोण घालणार?"

"पाऊस घालील."

"आपल्याकडे पाऊस कार्तिकात. आणि वर्षावास आला की मला विहार सोडता येत नाही."

"वर्षावास आषाढात. तुम्हाला जळवांची भीती वाटते, असं सरळ सांगा ना."

मी गप्प राहिलो. माझ्या बाबतीत असं क्वचित घडतं. माझे गुरू मला इंदसार या नावानं कधीच हाक मारत नसत, पोपट म्हणत. गेल्या माघात ते वारले. आता विहारात मी आणि बुद्धमूर्ती, दोघंच.

जातककथा उतरवण्यासाठी त्यांनी ताडपत्रं उकळून, घासून ठेवली होती. बोलायला कुणी नाही म्हणून आज ती खाली काढली. कथा लिहून तरी वाचणार कोण? म्हणून हे रोजचंच लिहितो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच सरदारांनी कँडीचा राजा इंग्रजांच्या हवाली केला. कागदावर सह्या झाल्या. राजा कुणालाच नको होता हे खरं, पण इंग्रज हवाय असंही आमच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं. आता त्यातलेच काही सरदार जंगलात शिरून बंड करतायत, आणि भात जळतंय ते आमच्या या वेल्लस्सा प्रांतातलं.

वैशाख पौर्णिमा

गेल्या वर्षी या दिवशी विहाराच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. आज पंचशील मीच दिलं आणि मीच घेतलं. दिवे लावले. तेल पुरवायचं म्हणून थोडेच.

पहिले काही दिवस उपाशी होतो. आवारात फणस पिकून पडत होता, पण कुणी हातात दिल्याशिवाय भिक्खूनं खाऊ नये असा नियम. फणसाला हात नाहीत. माश्या मात्र पोटभर खात होत्या.

मग एका पहाटे कलुहामी मागच्या ओढ्यातून वर आला. केळीच्या पानात भात, वर मिरचीचं तिखट. पात्रात घातलं, तीनदा वाकला आणि निघाला.

"ठेवून गेलास तरी चालेल रे. जीव धोक्यात घालू नकोस."

"आई म्हणते, ठेवलेलं तुम्ही खाणार नाही. आणि नाही खाल्लं तर पाप आम्हाला."

"सगळे बरे आहेत ना? वटवाघळांच्या गुहेत फार ओल आहे म्हणतात. हीनअप्पूच्या बायकोचा ताप उतरला का? आणि ती काळी गाय—"

"भन्ते, उजाडतंय."

रोज येतो. रोज माझं बोलणं अर्धंच राहतं.

वैशाख वद्य एकादशी

लाल डगलेवाले आले. गावच्या सरदाराच्या घरात तळ पडला. एक कप्तान, त्याचे गोरे शिपाई, काही मलायी शिपाई, आणि समुद्रकाठच्या गावांतून पकडून आणलेले हमाल. मग ते विहाराकडे वळले, वाटलं आता हाही जाळणार. पण कप्तानानं पायरीशी टोपी काढली, बूट काढायला विसरला, आणि मूर्तीकडे पाहत उभा राहिला.

त्याच्याबरोबर दुभाषा होता. बास्तियान त्याचं नाव. समुद्रकाठच्या गॉल शहराचा, आपल्यासारखाच सिंहली, पण बाप्तिस्मा घेतलेला. वर इंग्रजी कोट, खाली लुंगी, केसांत कासवाच्या पाठीचा कंगवा. त्यानं चपला काढल्या.

"भन्ते, कप्तानसाहेब म्हणतात, विहाराला धक्का लागणार नाही. तसं करारातच लिहिलंय."

"आणि गावाला?"

त्यानं त्याचं भाषांतर केलं नाही. म्हणाला, "पुन्हा येईन. तुमची हरकत नसेल तर."

हरकत? महिन्याभरात मला माणसानं विचारलेला पहिला प्रश्न होता तो.

ज्येष्ठ शुद्ध दशमी

बास्तियान हल्ली दुपारच्या उन्हात येऊन बोधिवृक्षाखाली बसतो. शिपायांत त्याला कुणी जेवायला बरोबर घेत नाही, हमाल त्याच्याकडे पाहून थुंकतात. त्यालाही बोलायला कुणी नाही.

"भन्ते, तुमची भाषा किती गोड. आमच्याकडे निम्मी पोर्तुगीजांची, निम्मी डचांची मिसळलीय."

"म्हणजे भातात खडे."

"आता इंग्रजही पडले. दात राहिले तर नशीब."

मी इतका हसलो की पोटात दुखलं. गुरुजी गेल्यापासून हसलोच नव्हतो बहुतेक. मग त्याला गुरुजींच्या गोष्टी सांगितल्या, जातकातल्या बोलक्या कासवाची गोष्ट सांगितली, जे आकाशातून जाताना तोंड उघडतं आणि पडतं. त्याला फार आवडली.

जाताना त्यानं सहज विचारलं, "गाव रिकामं, आणि तुमची तब्येत तर ठीक दिसतेय. दान कुठून येतं?"

"श्रद्धेतून," मी म्हणालो.

तो हसला. पुढे काही विचारलं नाही. मी कुणाचं नाव घेणार नाही हे त्याला कळतं. सभ्य माणूस आहे.

ज्येष्ठ पौर्णिमा

हीनअप्पू शरण आला. पाठीवर बायको, तापानं फणफणलेली. कप्तानानं त्याला माफीचा परवाना दिला, बायकोला औषध दिलं, आणि त्याला दगड वाहायला लावलं. मी तळावर गेलो तेव्हा त्यानं मान वर केली नाही.

"लोकू एतना काय म्हणाली, तू निघालास तेव्हा?"

"म्हणाली, जा. बायको मेली तर मग शूर होऊन काय करशील." थोडं थांबून म्हणाला, "पण बाकीच्यांनी पाठ फिरवली."

मलाही त्याचा रागच आला. राग येऊ नये, मी भिक्खू आहे. पण आला.

आषाढ पौर्णिमा

आज वर्षावासाचं व्रत घेतलं. तीन महिने हा विहार सोडणार नाही. ऐकायला कुणी भिक्खू नव्हता म्हणून मूर्तीपुढे उच्चारलं.

कचान वारा सुटलाय, तोंडावर भट्टी उघडल्यासारखा. ओढा आटला. कलुहामी वाळूतून चालत येतो. वाळला आहे. म्हणाला, "गुहेजवळ मलायी शिपाई फिरले, म्हणून आम्ही जागा बदलली." कुठे ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण पात्रात त्यानं घातला तो कुमुदाच्या बियांचा भात होता. कोरडा, किंचित कडवट. लहानपणी दुष्काळात खाल्ला होता, त्यानंतर आजच. डोळ्यांत पाणी आलं.

"तांदूळ संपला का रे?"

"थोडा आहे. पोरांना ठेवलाय. भन्ते, एवढंच आहे, रागावू नका."

रागावू? मला त्याच्या पायाशी बसावंसं वाटलं. तसं करता येत नाही.

आषाढ वद्य चतुर्थी

आज फणसाची झाडं तोडली. सगळ्या गावातली. कुऱ्हाडींचा आवाज दिवसभर चालू होता. एक फणस म्हणजे तीन पिढ्यांचं जेवण. बास्तियान आला तेव्हा मी त्याच्यावर उखडलो.

"झाडांनी कुठलं बंड केलं?"

"कप्तान म्हणतो, उपाशी माणूस लवकर शरण येतो."

"आमचे लोक नाही येणार. कुमुदाच्या बिया खातील पण येणार नाहीत. कालच मी खाल्ल्या. तुला काय ठाऊक वेल्लस्साचा माणूस!"

बास्तियान हातातली काडी मोडत बसला. बिचाऱ्याला लाज वाटली असावी. मग त्यानंच विषय बदलला.

"भन्ते, जुन्या राजांनी या बाजूला मोठी तळी बांधली होती म्हणतात. खरं का?"

आणि मी सुरू झालो. राजांनी पावसाचा एक थेंबही समुद्रात वाया जाऊ दिला नाही, इथपासून. पूर्वेकडच्या रानातल्या थोरल्या तळ्याचं सांगितलं. बांध एका टोकाला फुटलाय, वर झाडं उगवलीत, पण मधला डोह कितीही कोरड्या वर्षी आटत नाही. तिथं हत्ती येतात, कुमुदं फुलतात. गुरुजी मला एकदा तिथं घेऊन गेले होते. बांधावर बसून त्यांनी मला राजांची सगळी वंशावळ पाठ म्हणायला लावली होती. बास्तियान कान देऊन ऐकत होता. कुणी माझं इतकं मन लावून ऐकलेलं मला आठवत नाही.

तो गेल्यावर किती हलकं वाटलं.

श्रावण शुद्ध तृतीया

सकाळी तळ जवळजवळ रिकामा होता. बास्तियानही नाही. दुपारी पूर्वेकडे ढग गडगडल्यासारखा मोठा आवाज झाला. आकाशात ढग नव्हता.

उन्हं कलल्यावर ओढ्यात पाणी आलं. मी पळत खाली गेलो. कोरड्या वाळूवरून लाल, गढूळ लोंढा चालला होता, माशांसकट. मी दोन्ही हातांनी पाणी तोंडावर मारलं आणि लहान पोरासारखा हसलो. वाटलं, डोंगरात कुठंतरी पाऊस झाला.

मग पाण्यावर कुमुदाची पानं दिसली. मुळांसकट उपटलेली. किती तरी. मग भात पाखडायचं एक सूप वाहत आलं.

श्रावण शुद्ध चतुर्थी

कलुहामी आला नाही.

शिपाई परतले, दोराला बांधलेल्या काही बायका आणि पोरं घेऊन. त्यांत लोकू एतना नव्हती. एका पोरीनं मला पाहिलं आणि लांबूनच ओरडून सांगितलं, की बांध दारूनं उडवला, धान्य जाळलं, आणि कलुहामी बांधावरच पडला. शिपायानं तिला पुढे ढकललं.

कुणी दाखवली असेल त्यांना वाट? बांधाची जागा रानात शिरून नुसती सापडत नाही.

हीनअप्पू दगड वाहतोय. माफीचा परवाना कमरेला खोचलेला.

श्रावण शुद्ध एकादशी

बास्तियान इतके दिवस आला नव्हता. आज आला, हातात झाकलेलं ताट. तांदळाचा भात, सुकी मासळी.

"घ्या भन्ते. हातात देतोय."

मी खाल्लं. भूक लागली होती, दुसरं काही कारण नाही. त्यानं कंगवा घातला नव्हता, केस मानेवर पडले होते. मी विचारलं, "हीनअप्पूनं सांगितलं ना?"

तो म्हणाला, "भन्ते, एक सांगू? माझ्यासारख्या माणसाशी इतकं बोलू नये."

मला त्याची दया आली. बाप्तिस्म्यामुळे बिचारा स्वतःला हलका समजतो. मी म्हणालो, "भगवान बुद्ध तर अंगुलिमालाशीही बोलले."

तो उठला आणि जेवणाचं रिकामं ताट तिथंच विसरून गेला.

भाद्रपद वद्य अष्टमी

तळावर तापाची साथ आहे. रोज एखादा गोरा शिपाई पुरतात. हमाल मरतात त्यांना पुरत नाहीत. मी त्यांच्यासाठी सूत्रं म्हणतो. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. जगलेले हमाल रोज पात्रात मूठभर भात घालतात.

आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. तळही उठला. बंड मोडलं म्हणतात, सरदार पकडले गेले.

कप्तान डोलीतून आला, हाडाचा सापळा झालेला. बास्तियाननं त्याचं बोलणं सांगितलं, "या जिल्ह्यात जाळायचा राहिलेला हा एकच विहार आहे. भन्त्यांच्या मदतीची आठवण म्हणून कप्तानसाहेबांनी तो तसाच ठेवला."

"कसली मदत?"

बास्तियाननं ते इंग्रजीत विचारलं नाही. चपला पायात घातल्या, परत काढल्या, वाकून नमस्कार केला आणि गेला. रस्त्याच्या वळणापर्यंत मी पाहत होतो. त्यानं मागे पाहिलं नाही.

कदाचित हमालांसाठी सूत्रं म्हटली, ती मदत.

पुन्हा एकटा. आज मला त्याची आठवण येतेय, हेही लिहून ठेवतो.

कार्तिक शुद्ध नवमी

पाऊस लागला, आणि त्यातूनच लोक परतले. गेले होते त्यांच्या निम्मेसुद्धा नाहीत. बी नाही, बैल नाहीत, तोडलेल्या फणसांच्या खोडांना बुरशी.

लोकू एतना पायऱ्या चढून आली. दात पडलेत. माझ्यापुढे वाकली आणि उठताना खांबाला धरलं.

"कलुहामी तुमच्यासाठी बिया कांडायला बसायचा," ती म्हणाली. "मी म्हणायचे, राहू दे, मी करते. तर म्हणायचा, भन्ते बोलतात किती, बरं वाटतं."

मला रडू आवरेना.

मग तिनं विचारलं, "भन्ते, तुम्ही इथंच होतात. कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "हीनअप्पू. दुसरं कोण?"

कार्तिक शुद्ध दशमी

बोधिवृक्षाखाली गाव जमलं. हीनअप्पूला मध्ये उभं केलं. त्याची बायको पोटुशी आहे, ती ओसरीला टेकून बसली होती. त्याचं घर मोडायचं, गावाच्या पाण्याला शिवू द्यायचं नाही, रानात हाकलायचं, असं ठरत होतं. या पावसात रान म्हणजे ताप. त्या दोघांना तिथं मरायलाच धाडायचं होतं.

लोकू एतनानं विचारलं, "बोल रे. काय दिलं त्यांनी तुला?"

"मी काय सांगणार होतो?" हीनअप्पू म्हणाला. तो ओरडला नाही. "मी आलो तेव्हा तुम्ही गुहेत होतात. तिथून तुम्ही हललात, हे मला तुमच्या पोरी दोराला बांधून आल्या तेव्हा कळलं. थोरल्या तळ्याला मी जन्मात गेलो नाही. त्या तळ्यावर तुम्ही आहात हे ठाऊक होतं कुणाला?"

"कुणालाच नाही," कुणीतरी म्हणालं. "कलुहामी विहारात जायचा तेवढाच."

"कलुहामी सांगणारा नव्हता," लोकू एतना म्हणाली.

माणसं म्हणाली, हीनअप्पू लबाड आहे, उद्या निकाल लावू. भन्त्यांनीच त्याचं नाव सांगितलंय.

मी खोलीत येऊन बसलोय. पावसाचा आवाज आहे. बास्तियान काडी मोडत बसला होता, ते दिसतंय. आधी कुमुदाचा भात. मग तळं. मग बांध. सगळं माझ्याच तोंडून, माझ्याच शब्दांत, रंगवून. कुणाचं नाव घेतलं नाही म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मी काही बोललो नाही तर कुणाला कधी कळणार नाही. बास्तियान परत येणार नाही. हीनअप्पूचं कुणी ऐकणार नाही.

कार्तिक शुद्ध एकादशी

सांगितलं.

उभं राहून, सर्वांसमोर. भाताचं, तळ्याचं, बांधाचं. लपवलं काही नाही. हेतू नव्हता असं म्हणणार होतो, पण लोकू एतनाचा चेहरा पाहिला आणि ते तेवढं गिळलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं, जणू कुणी पाणी पाजता पाजता थांबलं.

मागून एकजण म्हणाला, "चीवर काढून घ्या याचं. हाकला याला."

"हाकलायचं?" लोकू एतना म्हणाली. "बदुल्लपर्यंत दुसरा भिक्खू उरलाय का? आपल्या मेलेल्यांना पुण्य कोण पोचवणार? तू?"

हीनअप्पू बायकोला उठवत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

लोकू एतना माझ्यासमोर आली. वाकली नाही.

"दान मिळेल," ती म्हणाली. "रोज. घराघरांतून. माझ्याही घरातून. तुम्ही सूत्रं म्हणा, ती ऐकू. पण आमच्याशी बोलू नका, आणि आम्ही तुमच्याशी बोलणार नाही. कुणाचं बाळ जन्मलं, कुणाची गाय व्याली, काही विचारायचं नाही."

मी मान हलवली.

मार्गशीर्ष वद्य तृतीया

रोज सकाळी पात्र घेऊन निघतो. दारं उघडतात, नाचणीचा गोळा पडतो, दारं बंद होतात. हीनअप्पूच्या घरात बाळ रडतं. मुलगा की मुलगी, ठाऊक नाही.

थोरल्या तळ्याकडे माणसं जाऊन आली असावीत. पायांना लाल चिखल होता. बांध पुन्हा घालता येईल का, किती माती लागेल, विचारायचं ओठांवर आलं होतं. पात्र पुढे केलं आणि पुढच्या दाराशी गेलो.

पौष पौर्णिमा

आज मेलेल्यांसाठी दान होतं. सगळं गाव विहारात आलं. धान्य नाही तरी प्रत्येकानं काहीतरी शिजवून आणलं होतं. मी सूत्र म्हटलं. इतक्या दिवसांनी माणसांसमोर आवाज निघाला. पहिल्या ओळीत फाटला, मग स्थिर झाला.

मग नावं. एकेक घर आपापल्या मेलेल्याचं नाव माझ्याकडे न पाहता जमिनीकडे पाहून उच्चारत होतं आणि मी ते पुन्हा म्हणत होतो. लोकू एतनाची पाळी आली तेव्हा ती काही बोलली नाही. नाव मला ठाऊकच होतं. "कलुहामी," मी म्हणालो.

पुण्य त्याला पोचावं म्हणून तिनं झारीतून वाटीत पाणी ओतायला सुरुवात केली. मी श्लोक म्हणत राहिलो. वाटी भरली, पाणी काठावरून ओसंडलं, खालच्या ताटात उतरलं. धार तुटली नाही.

"साधु," सगळे म्हणाले. "साधु. साधु."

तिचा आवाज मला त्यात वेगळा ऐकू आला. मग त्यांनी आपापली भांडी उचलली, लेकरं काखेत घेतली, आणि पायऱ्या उतरून गेले.

मी ताटातलं पाणी उचललं आणि बोधिवृक्षाच्या मुळाशी घातलं.